‘खुनाला आमचा विरोधच आहे, पण…’

गेल्या अंकातील या सदरात, कुटुंबाच्या किंवा जातीच्या प्रतिष्ठेच्या नावाखाली स्त्रियांवर होणाऱ्या हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा असावा आणि त्यासाठी लोकमत तयार करण्याचे काम आपणच केले पाहिजे, असे मी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे थोडक्यात देऊन उत्तरे देत आहे. पत्रे वाचताना एक वाक्य इतक्या वेळा आले की शेवटी मी ते मोजणे सोडून दिले: ‘खुनाला आमचा विरोधच आहे, पण…’ या ‘पण’च्या पुढे जे लिहिलेले असते, त्याच्याशीच आपले खरे काम आहे.

प्रश्न : खून हा खूनच असतो आणि त्याला शिक्षा देणारे कलम आहेच. हुंड्यासाठी वेगळा कायदा, जातीसाठी वेगळा, प्रतिष्ठेसाठी आणखी वेगळा असे करत गेलो तर कायद्याचे पुस्तक जाड होईल, माणसे मात्र तीच राहतील. – एक निवृत्त शिक्षक

सर, आपला निम्मा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो विधी आयोगालाही मान्य होता. ऑगस्ट २०१२ मधील आपल्या २४२व्या अहवालात आयोगाने असेच म्हटले होते, की अशा हत्यांसाठी खुनाच्या व्याख्येत नवे पोटकलम घालण्याची गरज नाही, आहे तो कायदा पुरेसा आहे. मात्र त्याच अहवालात आयोगाने एका वेगळ्या कायद्याचा मसुदा जोडला, आणि त्याचा रोख खुनावर नव्हता. सज्ञान व्यक्तींच्या विवाहाचा धिक्कार करण्यासाठी जमाव जमवणे, त्या जोडप्याला किंवा त्यांच्या नातेवाइकांना धमकावणे, त्यांना गाव सोडायला भाग पाडणे, बहिष्कार घालणे यांवर तो होता.

मुलीचा जीव जातो ती घटना बहुधा शेवटची असते. त्याआधी कित्येक आठवडे तिचा मोबाइल काढून घेतलेला असतो, कॉलेज बंद केलेले असते, घाईघाईने स्थळ पाहिलेले असते, मुलावर पळवून नेल्याची तक्रार झालेली असते, आणि भावकीची एखादी बैठकही होऊन गेलेली असते. या प्रत्येक पायरीवर पोलीस ठाण्यात गेले तर ‘ही घरगुती बाब आहे’ असे उत्तर मिळण्याची शक्यता मोठी. भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ कामाला लागते ते ती मुलगी गेल्यानंतर. त्याच कलमातील दुसरे पोटकलम पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या हत्येविषयी आहे आणि त्यात वंश, जात, समुदाय, लिंग, भाषा अशी कारणे नोंदवलेली आहेत. कुटुंबाची प्रतिष्ठा हे कारण त्यात नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायदा दलित किंवा आदिवासी मुलाचा बाहेरच्या जातीतील लोकांनी जीव घेतला तर लागू होतो, परंतु सवर्ण मुलीला तिच्याच घरच्यांनी मारले तर तिच्यासाठी तो लागू होत नाही. एकाच लग्नातील दोन जीव, आणि कायद्याच्या नजरेत त्यांचे दोन वेगळे मृत्यू.

आपण हुंड्याचा उल्लेख केला आहे, म्हणून तेच उदाहरण घेतो. १९८३ मध्ये सासरच्या छळाविरुद्धचे कलम ४९८-अ आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम ३०४-ब येण्यापूर्वी ‘स्टोव्हचा भडका उडाला’ ही पोलिसांच्या कागदावरची नेहमीची नोंद होती. कायद्याने त्या मृत्यूंना नाव दिले, लग्नानंतरच्या सात वर्षांत अनैसर्गिक मृत्यू झाल्यास चौकशीची दिशा ठरवून दिली, आणि मग ते मृत्यू दिसू लागले. प्रतिष्ठेपायी होणाऱ्या हत्यांची वेगळी नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१४ पासून सुरू केली आणि त्या वर्षी संपूर्ण देशात अशा २८ घटना नोंदल्या गेल्या. वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्या माणसाला हा आकडा खरा वाटणे कठीण आहे. पुस्तक जाड होण्याचे भय मलाही आहे, पण हे पान त्यात हवे.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने या कायद्यासाठी सह्यांची मोहीम घेतली. सही करायला कोणी नाही म्हणत नाही. ग्रामसभेत ठराव मांडू या म्हटले, की मात्र प्रत्येकाला काम निघते. लोकांचा पाठिंबा आहे की नाही, हेच कळेनासे झाले आहे. – ग्रामपंचायतीच्या एक सदस्या

ताई, पाठिंबा आहे, पण तो तुम्ही ज्या प्रश्नावर मागितला त्याच प्रश्नापुरता आहे. तुमच्या कागदावर बहुधा ‘अशा निर्घृण हत्यांचा आम्ही निषेध करतो’ असे वाक्य असणार. त्याखाली सही करायला काहीच लागत नाही. ज्याने स्वतःच्या पुतणीला वर्षभर घराबाहेर पडू दिले नाही, तोही मनापासून सही करतो, आणि त्यात त्याला खोटेपणा वाटत नाही. हत्येला विरोध आणि मुलीच्या निवडीला विरोध हे दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. कायद्याला जो पाठिंबा हवा आहे, तो दुसऱ्या गोष्टीवर हवा आहे, आणि तिथे लोक पाय मागे घेतात.

एका छोट्या बैठकीत मी निषेधाचा विषयच काढला नाही. पंचवीस-तीस बायका होत्या. त्यांना एवढेच विचारले, की शेजारची एकोणीस वर्षांची मुलगी रात्री अकरा वाजता तुमच्या दाराशी आली आणि म्हणाली, ‘मला घरचे मारतील, आजची रात्र राहू द्या,’ तर तुम्ही काय कराल? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, ‘ठेवून घेईन की. पण सकाळी तिच्या बापाला कळवीन.’ त्या एका ‘कळवीन’वर पुढचे दोन तास बोलणे झाले. कळवले तर काय होईल, न कळवले तर आपल्या दारात भांडण येईल का, पोलीस पाटलाला सांगावे की नको, नवऱ्याला आधी विचारावे लागेल का. हीच तर कायद्याच्या मसुद्यातील कलमे आहेत! आश्रय कोणी द्यायचा, माहिती कोणाला द्यायची, आश्रय देणाऱ्याला संरक्षण कोणाचे, हे त्या बायकांनी कायद्याचे पुस्तक न उघडता एकेक करून काढले. आजींनीही शेवटी आपले वाक्य बदलले, पण ते काय केले ते सांगत नाही. तुम्ही तुमच्या मंडळात विचारून पाहा.

लोकमत तयार झाल्यावर कायदा कसा होतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २०१३ मध्ये नाशिकमध्ये आंतरजातीय विवाह केलेल्या गर्भवती मुलीचा तिच्या वडिलांनी खून केला, तेव्हा त्यामागच्या जातपंचायतीच्या दबावाची चर्चा सुरू झाली आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘जातपंचायतीला मूठमाती’ ही मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, तरीही मोहीम थांबली नाही. २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला आणि २०१७ मध्ये तो लागू झाला; बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या मोहिमेचे बळ कार्यकर्त्यांच्या भाषणांपेक्षा वाळीत टाकलेल्या कुटुंबांनी स्वतः उभे राहून बोलण्यात होते, असे माझे मत आहे. पंचांनी किती दंड घेतला, मयताला खांदा द्यायला कोणी आले नाही, बहिणीच्या लग्नाला बोलावले नाही, हे सांगणारी माणसे त्याच जातीतील होती आणि त्यांत पुरुषही होते. त्यामुळे ‘बाहेरचे येऊन आम्हाला शिकवतात’ हा युक्तिवाद टिकला नाही.

तुमच्या गावापुरते सांगायचे तर, निषेधाचा ठराव मांडू नका. सज्ञान व्यक्तींच्या लग्नावर गावात किंवा भावकीत बैठक बोलावली जाणार नाही, अशा लग्नामुळे कोणत्याही घराशी पाणी-पंगत-मयत बंद केली जाणार नाही, आणि धमकीची खबर लागताच पोलीस पाटील ती ठाण्याला कळवतील, अशा तीनच ओळी लिहा. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची आपल्याकडे कायद्यानेच तरतूद आहे, ती बहुतेक गावांत कागदावर उरकली जाते. ती या वेळी खरोखर भरवा, ठराव तिथे मंजूर करून घ्या आणि मगच ग्रामसभेत न्या. विरोध होईल. होऊ द्या, कोण कोणत्या ओळीला विरोध करतो, हे सगळ्यांसमोर कळणे हेही काम आहे.

शेवटचे आणि सगळ्यांत अवघड म्हणजे साक्ष. पाकिस्तानात जुलै २०१६ मध्ये समाजमाध्यमांवर प्रसिद्ध असलेल्या कंदील बलोच हिचा तिच्या भावाने गळा दाबून खून केला. देशभर संताप उसळला आणि ऑक्टोबरमध्ये संसदेने कायदा बदलला, की वारसांनी माफ केले तरी अशा खुन्याला जन्मठेप भोगावी लागेल. २०१९ मध्ये भावाला जन्मठेप झाली. पुढे साक्षीदारांनी जबाब फिरवले, आईने क्षमा केली, आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. कायदा होता, संताप होता, उभे राहणारे कोणी उरले नाही. याउलट हरियाणात २००७ मध्ये एकाच गोत्रातील विवाहामुळे मारल्या गेलेल्या जोडप्याच्या खटल्यात मुलाची आई आणि बहीण, गावाने बहिष्कार घातला तरी, साक्षीवर ठाम राहिल्या. २०१० मध्ये कर्नालच्या न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले. सही करणाऱ्या शंभर जणांमधून अशा दोन बायकांच्या घरी किराणा पोहोचवणारी पाच घरे निघाली, तर मी त्याला पाठिंबा म्हणेन.

प्रश्न : ही सगळी पाश्चात्त्यांची कल्पना असून आपल्या समाजाला बदनाम करण्यासाठी ती वापरली जाते. समाज आधी आतून सुधारू द्या, कायदा नंतर करा. – एक वर्गणीदार

पत्रलेखकांनी पाश्चात्त्यांना फारच मोठे श्रेय दिले आहे. इटलीच्या दंडसंहितेत कलम ५८७ होते. पत्नी, मुलगी किंवा बहीण हिच्या अनैतिक संबंधाचा सुगावा लागल्यावर संतापाच्या भरात, कुलाच्या अब्रूसाठी जीव घेतला तर शिक्षा अवघी तीन ते सात वर्षे. बलात्काऱ्याने पीडितेशी लग्न केले तर गुन्हाच पुसला जाईल, अशीही तरतूद होती. ही दोन्ही कलमे १९८१ मध्ये रद्द झाली, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या हयातीत. त्याची सुरुवात सिसिलीतील फ्रांका व्हिओला या मुलीपासून धरतात. तिला पळवून नेऊन तिच्यावर बलात्कार झाला आणि रिवाजाप्रमाणे त्याच माणसाशी लग्न करायला तिने नकार दिला. १९६६ मध्ये आरोपीला शिक्षा झाली. तिचे वडील तिच्या बाजूने उभे राहिले. त्यापायी त्यांच्या मालमत्तेला आग लावली गेली, तरीही ते मागे हटले नाहीत. नकार देणारी मुलगी आणि तिच्यामागे उभा असलेला शेतकरी बाप हे दृश्य लोकांनी पाहिले, आणि कलम पुस्तकातून जायला त्यानंतरही पंधरा वर्षे लागली.

‘पाश्चात्त्य’ हा शिक्का किती महागात पडतो, हे जॉर्डनमध्ये दिसले. पत्रकार राणा हुसैनी यांच्या बातम्यांमुळे तेथील अशा हत्या उजेडात आल्या आणि १९९९ मध्ये सवलत देणारे कलम ३४० रद्द करण्यासाठी हजारो नागरिकांनी सह्या केल्या. राजघराण्यातील मंडळीही मोर्चात उतरली. तरी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने प्रस्ताव दोनदा फेटाळला, आणि त्या वेळचा मुख्य युक्तिवाद अगदी आपल्या पत्रातलाच होता. शिवाय खुन्यांना प्रत्यक्षात सवलत मिळत होती ती मुख्यतः ‘संतापाच्या भरात’ केलेल्या गुन्ह्यासंबंधीच्या कलम ९८ खाली, त्यामुळे मोहिमेचे बरेचसे बळ दुय्यम कलमावर खर्च झाले. कलम ९८ मध्ये दुरुस्ती व्हायला २०१७ उजाडले. मोहीम काढण्यापूर्वी आरोपी कोणत्या दारातून सुटतात हे न्यायालयात बसून पाहावे, हा त्यातला धडा मला फार मोलाचा वाटतो.

‘आधी समाजसुधारणा, मग कायदा’ हे वाक्य तर मराठी वाचकाला नवे वाटू नये. १८९१ च्या संमतिवयाच्या, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधासाठीचे किमान वय वाढवण्याच्या कायद्याच्या, वादात ते पुण्यात पुरेसे गाजले. टिळकांचा सरकारी हस्तक्षेपाला विरोध होता आणि आगरकर कायद्याच्या बाजूने होते. तेव्हा निदान सरकार परके होते, हे एक कारण सांगता येत असे. आज ती सोयही आपल्याला उरलेली नाही.

प्रश्न : अशा कायद्यात फाशीचीच तरतूद हवी, अशी मागणी लावून धरली तर लोकांचा पाठिंबा लवकर मिळेल असे वाटते. आपले मत काय? – एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी

पाठिंबा लवकर मिळेल, आणि तो काही कामाचा नसेल. या गुन्ह्यात आरोपी आणि साक्षीदार एकाच घरातले असतात. बापाला किंवा भावाला फासावर चढवण्याची पाळी आली, की जी आई एरवी कदाचित बोलली असती तीही गप्प बसते. राजस्थान विधानसभेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या विधेयकात फाशी आहे; मला त्यातील बैठका रोखण्याची आणि दंडाधिकाऱ्यावर जबाबदारी टाकण्याची कलमे अधिक उपयोगाची वाटतात. फाशीची घोषणा सभेत टाळ्या मिळवते. तेवढेच.

प्रश्न : माझ्या चुलतबहिणीने दुसऱ्या जातीतील मुलाशी लग्न करायचे ठरवले आहे. ती २२ वर्षांची आहे. माझे काका वाईट नाहीत, पण ‘आता तोंड दाखवायला जागा उरली नाही’ असे रोज म्हणतात आणि भावकीतले दोघे-तिघे त्यांना डिवचत असतात. घरात मी लहान आहे. मी काय बोलू? – एक वाचक, वय २४

प्रथम तातडीचे. तिला मारण्याची उघड धमकी कोणी दिली असेल, किंवा तिला कोंडून ठेवले असेल, तर घरच्यांची समजूत काढण्याची वाट पाहू नका. ११२ वर पोलिसांना किंवा १८१ या महिला मदत क्रमांकावर कळवा. तिच्या वयाचा पुरावा, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड यांच्या प्रती, तुमच्याजवळ किंवा विश्वासू मैत्रिणीजवळ ठेवा. हे मी अनुभवाने सांगते. एका जोडप्याबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले होते. मुलीने दाखला प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घालून आणला होता. ठाणे अंमलदाराने तो उलगडला, जन्मतारीख बोटावर मोजली, ‘सज्ञान आहे’ असे स्वतःच म्हटले, आणि मग टेबलावरचा फोन उचलून तिच्या वडिलांना सांगितले, ‘तुमची मुलगी इथे बसली आहे, या.’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. समेट घडवावा असे त्यांना वाटले असावे. अर्ध्या तासात बाहेर तीन जीपगाड्या उभ्या होत्या. म्हणून एकटीने जाऊ देऊ नका, आणि शक्यतो लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.

आता काकांविषयी. ‘लोक काय म्हणतील’ यातले लोक मोजले तर बहुधा तुम्ही लिहिलेले ते दोघे-तिघेच भरतील. बापाच्या रागापेक्षा त्याला पाहणाऱ्यांची नजर अधिक घातक असते, कारण राग ओसरतो आणि नजर रोज समोर येते. काकांना एकटे गाठून मुलीची बाजू पटवण्याचा प्रयत्न आज कदाचित फसेल. त्याऐवजी भावकीतील असे एक वडीलधारे माणूस शोधा, जे चारचौघांत, काकांच्या देखत म्हणेल, ‘पोरगी सज्ञान आहे, तू काही चुकला नाहीस, आम्ही तुझ्या दारात येणे सोडणार नाही.’ माघार घेण्यासाठी माणसाला सर्वांसमोर एक वाट लागते आणि ती त्याला स्वतःहून काढता येत नाही. डिवचणाऱ्यांनाही, बहिष्काराची भाषा केली तर २०१६ चा कायदा आहे, हे शांतपणे एकदा सांगून ठेवायला हरकत नाही.

बोलताना शब्दांचे भान ठेवा. ‘इज्जत गेली’, ‘नाक कापले’ हे शब्द समोरच्याने वापरले, की आपणही ‘इज्जत काही जात नाही हो’ असे उत्तर देतो आणि नकळत मान्य करतो, की घराची इज्जत मुलीच्या लग्नात ठेवलेली असते. त्या शब्दावर वाद घालण्यापेक्षा, ती जेवली का, तिचा फोन कोणाकडे आहे, हे विचारणे घरातही अधिक परिणामकारक ठरते.

प्रश्न : सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असायला हवा, असे आपण लिहिले होते. आमच्या जिल्ह्यात तो आहे का, हे कसे शोधावे? – एक वाचक दांपत्य

२७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी खटल्याच्या निकालात, संसदेचा कायदा होईपर्यंत पाळायचे म्हणून, न्यायालयाने हे आदेश दिले: प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तास चालणारी मदतवाहिनी, धोका असलेल्या जोडप्यांसाठी निवारा, आणि असे खटले शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढणे. कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाईची तरतूदही त्यात आहे.

जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रातील नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून प्रस्तावना गाळा आणि थेट विचारा: कक्ष कोणत्या आदेशाने व कोणत्या तारखेस स्थापन झाला, त्याचे सदस्य कोणत्या पदावरचे आहेत, आजवर किती जोडप्यांनी संरक्षण मागितले व किती जणांना ते दिले, निवारा आहे काय व त्यात किती जणांची सोय आहे. जोडप्यांची नावे, पत्ते किंवा निवाऱ्याचे ठिकाण मुळीच मागू नका; ते गुप्त राहिले तरच त्याचा उपयोग. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, त्यानंतर त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पहिले अपील करता येते. ‘माहिती निरंक’ असे उत्तर आले, तर तो कागद जपून ठेवा आणि त्याची एक प्रत आपल्या आमदारांना द्या.